हनुवटीने दाखवलेली जागा

माझ्या पोटात काही राहत नाही. हे दुखणं लहानपणापासूनचं आहे आणि पन्नाशी जवळ आल्यावर ते बरं होईल ही आशा मी सोडली आहे. भाजीवालीने चुकून एक जुडी जास्त टाकली, तर मी अर्ध्या वाटेवरून परत जाऊन तिला सांगतो. एवढ्यावर भागत नाही. जुडी पिशवीत पडताना मला दिसली होती आणि तरीही मी गप्प बसलो होतो, हेही सांगतो. सासऱ्यांच्या वाढदिवसाला बायकोने त्यांना शर्ट दिला. तो मुळात माझ्यासाठी घेतलेला, मला पोटावर घट्ट झाला म्हणून त्यांच्याकडे वळवलेला. त्यांनी काही विचारलं नव्हतं. पण शर्ट अंगाला लावून ते इतके खूश दिसत होते की मला राहवेना. त्या दिवसापासून बायको मला कुठल्याही समारंभात स्वतःच्या उजव्या हाताला बसवते, चिमटा काढायला सोपं जावं म्हणून.

अशा माणसाला अळंबीची जागा कुणी दाखवत नाही, आणि ते योग्यच आहे.

अळंबी, म्हणजे खायची रानातली छत्री, दरवर्षी त्याच त्या वारुळावर उगवते. त्यामुळे ज्याला वारूळ माहीत, त्याची अळंबी. जमिनीचा सातबारा कुणालाही काढून बघता येतो. वारुळाचा सातबारा फक्त एका माणसाच्या डोक्यात असतो, आणि ते माणूस तो नवऱ्यालाही दाखवत नाही. माझी आत्या त्यातली.

आमची चिकूची वाडी डहाणूजवळ, सरावलीच्या पुढे. आत्याचं सासर मात्र तलासरी तालुक्यात. अच्छाडला महामार्ग सोडायचा आणि आत जायचं. किती आत आणि कोणत्या हाताला, ते लिहिणार नाही. समुद्रकाठची मुलगी डोंगराच्या पायथ्याला दिली तेव्हा तिला ताजे बोंबील मिळणार नाहीत म्हणून आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणतात. आत्या काही रडत बसली नाही. तिने वारूळ शोधलं. श्रावणात एखाद्या सकाळी ती टोपली घेऊन निघायची आणि जेवणवेळेच्या आत परत यायची, टोपलीवर सागाचं पान झाकून. कुणी मागावर आहे असा संशय आला, तर नुसती लाकडं गोळा करून आणायची.

तिचे काही नियम होते. अळंबीला लोखंड लावायचं नाही, हाताने अलगद पिळून काढायची. सगळी काढायची नाही. मोजायची नाही. आणि बोट दाखवायचं नाही. कोवळ्या काकडीला बोट दाखवलं की ती कुजते, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. अळंबीचं त्याहून कडक. बोट दाखवलं की वारूळ रुसतं आणि पुढल्या वर्षी काही देत नाही. म्हणून रानात काही दाखवायचं झालं की आत्या हात मागे बांधते आणि हनुवटी पुढे करते.

श्रावणात अळंबीचं मोल काय, हे मासे खाणाऱ्या माणसालाच कळेल. महिनाभर घरात बोंबील नाही, कोलंबी नाही, बाजारातल्या टोपल्यांकडे बघायचंही नाही. त्यात अळंबीचं कालवण, नारळाच्या वाटणातलं. चव अशी की खाताना पाप लागतंय असं वाटावं. मला तर लागतंच. लहानपणी मी आत्याला विचारलं होतं की ही नक्की भाजीच आहे ना. आत्या म्हणाली, ज्याला डोळे नाहीत ती भाजी. पलीकडून तिची धाकटी जाऊ म्हणाली, "मग शिंपल्यातल्या तिसऱ्यांना तरी कुठे डोळे असतात? उद्यापासून त्याही खाऊ या श्रावणात." त्या वर्षी धाकटीच्या वाडग्यात रस्सा जास्त आणि अळंबी कमी होती.

या वाडग्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्याभोवती फिरतं. आत्याच्या अंगणात दोन घरं. एकात आत्या, समोरच्यात धाकटी जाऊ. दोघी एकमेकींना 'मोठी' आणि 'धाकटी' म्हणतात. दोघींचे नवरे गेले, आत्याची मुलगी लग्न होऊन वापीला गेली, अंगणातला फणस पडला, पण दोघींमधली चुरस जशीच्या तशी राहिली. दर श्रावणात कालवण झालं की पहिला वाडगा अंगण ओलांडून धाकटीकडे जातो. बघणाऱ्याला हे प्रेम वाटेल, आणि असेलही. पण आत्या वाडग्यावर झाकण ठेवत नाही, म्हणजे वास आधी पोचतो. धाकटी ओट्यावर बसून खाते, 'मीठ कमी आहे' असं सांगते आणि वाडग्यात काकडी नाहीतर दोन पडवळं घालून परत पाठवते. जागा कुठे, हे तिने आजवर विचारलेलं नाही. विचारणं म्हणजे हरणं.

यंदा आत्याचा गुडघा गेला. आषाढातच ती काठीवर आली. अंगण ओलांडायला तिला दोनदा बसावं लागत होतं, डोंगराचं तर नावच नको. तिकडे धाकटीचा मुलगा, ज्याचं अच्छाडला चहाचं आणि पंक्चरचं दुकान आहे, तो रोज सकाळी दुकान उघडण्याआधी डोंगरात फिरून येत होता. व्यायाम म्हणून, असं सांगायचा. ट्रकवाल्यांबरोबर दिवसाला वीस चहा पिणारा माणूस व्यायाम करत नाही हे आत्याला कळत होतं. आत्याला गुडघ्याचं एवढं वाटलं नाही. यंदा वाडगा उलट दिशेने येईल, तो तिला खावा लागेल आणि मीठ कमी आहे असं म्हणायचीही सोय राहणार नाही, याचं वाटलं. एवढं एकच तिने मला स्पष्ट सांगितलं. "तिच्या वाडग्यातलं मी खाल्लं, की मग काय राहिलं?"

आता मी त्या डोंगरात काय करत होतो, तेही सांगतो. प्रायश्चित्त करत होतो.

आमच्या वाडीत दरवर्षी पावसाआधी चिकूच्या फांद्यांवरचं बांडगूळ काढतात. ते झाडाचा रस पितं. चारेक वर्षांपूर्वी मी खाली उभा राहून गड्यांना हौसेने दाखवत होतो, तो झुबका काढ, तोही काढ. सगळा ढीग खताच्या खड्ड्यात. काही दिवसांनी खड्ड्यावर उभा राहिलो तर त्या ढिगातून एक लांब गुलाबी वेणी बाहेर आलेली. सीतेची वेणी. मी बांडगुळाबरोबर आमरीचे, म्हणजे ऑर्किडचे, झुबके उपटून टाकले होते, जे झाडाचं काही घेत नाहीत, नुसते फांदीला धरून बसतात. खड्ड्यात डोकं खाली वर पाय अशा अवस्थेतही ते फूल फुललं होतं. रागावलेलं दिसलं असतं तर मला सोसलं असतं.

ते झुबके मी ओटीच्या खांबांना काथ्याने बांधले, आणि तेव्हापासून पावसाळ्यातले रविवार आमरी बघण्यात जायला लागले. आत्याच्या घरी मोटारसायकल लावायची आणि डोंगरात शिरायचं. झाडावरच्या आमऱ्या वेगळ्या, गवतातून वर येणाऱ्या वेगळ्या. एकीकडे छत्र्यांचाही नाद लागला. कुजक्या ओंडक्यांवर शेंदरी कान उगवलेले असतात. शेणावर केसाएवढ्या दांड्याच्या छत्र्या असतात, त्या आपण वाकून बघेपर्यंत माना टाकतात. एक छत्री जाळीचा झगा घालून उभी असते आणि तिला मेलेल्या उंदराचा वास येतो. मी नमुने पिशवीत घालून आणायचो. आत्या ते ओट्यावर पसरून काठीने बाजूला सारायची. ही बेडकाची, ही कुत्र्याची, ही ज्यांनी विमा उतरवलाय त्यांची. शेवटी सगळीच केरात जायची आणि मला साबणाने हात धुवायला लावायची.

डोंगराच्या एका बाजूला ऐनाचं मोठं झाड आहे. त्याच्या खालच्या गवतात मला पांढऱ्या आमरीचा एक तुरा सापडला. कळ्याच होत्या अजून. मी आत्याला येऊन सांगितलं, कारण मी सगळंच सांगतो. आत्या शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले.

त्यानंतर दर रविवारी ती विचारायची, तुझी ती पांढरी काय म्हणते? मला भरून यायचं. बायकोला फुलाचा फोटो दाखवला की ती 'छान' म्हणून गॅस बारीक करायला जाते. इथे सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघा धरून बसलेली, आणि तिला माझ्या आमरीची एवढी आस्था. मी सगळं सांगू लागलो. कळ्या किती फुगल्या, मागची लांब शेपटी कशी दिसते, पालथं पडून फोटो काढताना मुंग्या कुठे कुठे चावल्या. एकदा एक बकऱ्या चारणारा बाबा मला मेलेला समजून काठीने टोचून गेला, तेही सांगितलं. रेनकोट मी जवळच्याच मातीच्या एका उंचवट्यावर पसरून ठेवतो, तेही. त्यावर आत्याने खूप वेळ ठसका लागल्यासारखं केलं. मी पाणी आणून दिलं.

"खालचं फूल सुकायला लागलं की मला सांग," ती म्हणाली. सीमेवर जन्म काढल्यामुळे तिच्या मराठीला शेवटी गुजराती 'ने' चिकटतो. "विसरणार नाहीस ने?"

विसरतोय कसला. आमरीच्या तुऱ्याला खालून वर फुलं येतात, सुकायलाही खालूनच सुरुवात होते. श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी खालचं फूल तपकिरी झालं होतं. मी धावतच खाली आलो. आत्याने आकाशाकडे बघितलं, दोन दिवस गडगडून आता ऊन पडलं होतं. ती म्हणाली, मला घेऊन चल. तुला जागा दाखवते.

मी तिला आठवण करून दिली की माझ्या पोटात काही राहत नाही. तिने ते ऐकून घेतलं आणि टोपली मागितली.

बैलगाडीच्या वाटेपर्यंत मोटारसायकलवर, पुढे पाठुंगळी. आत्या वजनाला काही नाही, पण स्वभावाला आहे. डावीकडे वळायचं तर डाव्या खांद्यावर टपली, उजवीकडे वळायचं तर उजव्या. चिखलात माझा पाय घसरला तेव्हा दोन्ही कानांवर. वाटेत भेटलेल्या बायकांना ती वरूनच हात करत होती आणि भाच्याला कंबरेचा त्रास आहे, डॉक्टरांनी वजन उचलायला सांगितलंय, असं सांगत होती. आपण चुपचाप जायचं ना, असं मी विचारलं, तर तिने माझ्या डोक्यावरची टोपी सरळ केली.

आम्ही बंधाऱ्यापाशी आलो. पाण्याच्या वरच्या अंगाला, करवंदाच्या जाळीमागे, कमरेएवढं वारूळ होतं. आत्याने माझ्या कानाशेजारून हात लांब केला आणि बोटाने दाखवलं.

"हे बघ. इथं येते. उद्या किंवा परवा. कुणाला सांगू नको."

मी शपथ घ्यायला तयार होतो. तिने शपथही घातली नाही. हा विश्वास माझ्याच्याने पेलवेना. परत येताना ती मला जड लागली.

तिला घरी सोडून मी निघालो तो अच्छाडला मागचं चाक बसलं. धाकटीच्या मुलाच्या दुकानासमोरच. मी कुणावर आरोप करत नाही. खिळा हा कुठेही असू शकतो. त्याने मला बाकड्यावर बसवलं, चहा दिला, कांदाभजी मागवली आणि चाक खोलायला बसला. मला वाटलं होतं तो विचारेल. विचारलं असतं तर मी ठाम राहिलो असतो, तशी तयारी करूनच बसलो होतो. पण तो काही विचारेना. ट्रकांच्या रांगेतून हॉर्न वाजत होते, तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. हातपंपाचा दांडा वर खाली होत होता. ती शांतता मला सोसेना.

"मी आज कुठे गेलो होतो ते मी तुला सांगू शकत नाही," मी म्हणालो.

"नका सांगू दादा," तो म्हणाला. "मी कुठे विचारलं?"

"विचारलं असतंस तरी सांगितलं नसतं."

"बरोबर आहे. बंधाऱ्याकडे चिखल असेल ना पण? तुमच्या पँटवर पांढरी माती आहे म्हणून म्हटलं."

यावर मी काय करायला हवं होतं? गप्प बसायला हवं होतं, हे मलाही आता कळतं. पण नाही म्हटलं तर खोटं, हो म्हटलं तर विश्वासघात, आणि गप्प बसलं तर त्याच्या भजीचा अपमान. भजी संपेपर्यंत करवंदाची जाळीही सांगून झाली होती. त्याने पंक्चरचे पैसे घेतले नाहीत. तेव्हा तर मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी ते जबरदस्तीने त्याच्या खिशात कोंबले.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, हे तुम्ही मला का सांगताय, मी तर कालवणसुद्धा खात नाही. जेवण गेलं नाही. आत्या आता कुठल्या तोंडाने अंगणात बसेल, धाकटीचा वाडगा झाकण न ठेवता येईल, मीच तो आणला असं होईल, हे डोळ्यांसमोर येत राहिलं. सकाळी उठून पहिलं काम म्हणजे आत्याकडे जाऊन कबूल करायचं, असं ठरवल्यावर जरा बरं वाटलं. कबुली ठरली की मला नेहमीच जरा बरं वाटतं, आणि मग त्या बरं वाटण्याचं वाईट वाटतं.

मी पोचलो तेव्हा धाकटीच्या घरासमोर एकही चप्पल नव्हती. मुलगा, सून, सुनेचे दोन भाऊ, सगळे टोपल्या घेऊन भल्या पहाटे बंधाऱ्याकडे गेल्याचं शेजारणीने सांगितलं. आत्या ओट्यावर बसली होती. लुगडं खोचलेलं, डोक्याला फडकं बांधलेलं, मांडीवर टोपली.

"आत्या," मी म्हणालो, "माझ्याकडून मोठी चूक झाली."

"झाली ने? बेस," ती म्हणाली. "पण एवढा उशीर? मी कधीची तयार होऊन बसलेय. चल, उचल."

मला अजूनही कळलं नव्हतं. तिला पाठीवर घेऊन मी कबुलीचा उरलेला भाग सांगत होतो, भजीपर्यंत आलो होतो, तेवढ्यात तिने डाव्या खांद्यावर टपली मारली. बंधारा उजवीकडे होता. मी थांबलो. तिने पुन्हा मारली, जरा जोरात.

वाट मला पाठ होती, दर रविवारची. पळसाचं खोड, मग दगडांची ओळ, मग ते ऐनाचं झाड आणि त्याखालच्या गवतात माझी पांढरी आमरी, खालचं फूल पुरतं सुकलेलं. आत्याने मला थांबवलं, खाली उतरली, हात मागे बांधले आणि हनुवटी पुढे केली.

जिथे मी रेनकोट वाळत घालत होतो, तिथे अळंबी उगवली होती.

तो मातीचा उंचवटा वारूळ होता. जुनं, पावसाने झिजून बसकं झालेलं. त्याच्या सगळ्या अंगाने मातीला भेगा गेल्या होत्या आणि भेगांतून राखाडी टोकं वर आली होती. काही अजून मिटलेली, काही छत्री उघडून पांढरी झालेली. चार रविवार मी त्याच्याकडे पाठ करून पोटावर पडलो होतो, अर्ध्या वितीच्या फुलासाठी.

"तू रेनकोटाचं सांगितलंस तेव्हा माझा जीव इथे आला होता," आत्याने गळ्याला हात लावला. "म्हटलं, हा गाढव त्यावर बसतोय की काय."

तिची सगळी आस्था मला तेव्हा समजली. पांढरीचं खालचं फूल सुकलं आणि गडगडून ऊन पडलं की अळंबी येते, हे तिचं पंचांग. दरवर्षी ती ते स्वतः येऊन बघायची. यंदा गुडघ्यामुळे जमेना, तेव्हा तिने माझे डोळे वापरले. आणि धाकटीच्या माणसांना डोंगराच्या दुसऱ्या टोकाला पाठवायला माझं तोंड. माझं एकही अंग तिने वाया घालवलं नव्हतं.

मी दुखावलो होतो, ते मी तिला सांगितलं. तू माझ्यावर विश्वास टाकलास असं मला वाटलं होतं, म्हटलं. ती दगडावर टेकली होती.

"टाकला ने. पोऱ्या, तू सांगणारच, यावर माझा जेवढा विश्वास होता तेवढा देवावर नाही."

"मग आता खरी जागा मला का दाखवलीस? मी तर हेही सांगेन."

"सांग की. ज्याला सांगायचं त्याला सांग. बंधाऱ्यावरून रिकाम्या टोपल्या घेऊन आलेला माणूस आता तुझं ऐकणार आहे?"

एवढं बोलून तिने मला कामाला लावलं. मी गुडघ्यांवर बसून एकेक दांडा मुळाशी धरून पिळत होतो, खाली मातीत गेलेली लांब शेपटी न तुटता यावी म्हणून. ती दगडावरून हुकूम सोडत होती. ती उघडलेली राहू दे. ते पिल्लू कशाला काढतोस, निर्दय. मोजू नको, तुझे ओठ हलताहेत. आयुष्यभर खरं बोलून मी शेवटी मिळवलं काय, तर माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही याची खात्री. हा विचार टोपली भरेपर्यंत पुरला.

दुपारी कालवण झालं. अंगणात बंधाऱ्याहून परतलेली मंडळी चिखलाचे पाय धूत होती. धाकटीच्या मुलाने माझ्याकडे असं पाहिलं की आजवर न दिसलेलं काही त्याला माझ्यात दिसलं असावं. लबाडी. "मानलं दादा," तो म्हणाला. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर आत्याने माझ्या हातात वाडगा दिला. काठोकाठ भरलेला, बिनझाकणाचा. तिला नेऊन दे, म्हणाली.

धाकटी तिच्या ओट्यावर बसली होती. ती सकाळी सगळ्यांबरोबर गेलेली नव्हती हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. पाय कोरडे, हातात सुपारी.

"काल बंधाऱ्यावर तिनं तुला कसं दाखवलं?" तिने विचारलं. "बोटानं की हनुवटीनं?"

"बोटानं, काकी."

धाकटीने सुपारी कातरली. "वाटलंच मला. पोराला म्हटलं होतं, आधी एवढं विचारून ये. ऐकत नाहीत. म्हटलं जाऊ देत, व्यायाम होईल." मग तिने मान वर केली. माझ्या मागे, समोरच्या ओट्यावर, आत्या खांबाला धरून उभी असणार. मी वळून बघितलं नाही. "आणि आज?" धाकटी म्हणाली. "आज हनुवटी कुठं वळली?"

इतक्या वर्षांत तिने कधी विचारलं नव्हतं. आणि विचारलं ते मला, ज्याने आजवर कुणाला उत्तर नाकारलेलं नाही. माझी जीभ टाळूला लागली होती, ऐन हा शब्द अगदी दातांमागे येऊन उभा होता. वाडगा पितळेचा, आतून उकळता. माझी बोटं भाजत होती. मी त्या भाजण्याकडे लक्ष देऊन उभा राहिलो. रस्सा हिंदकळून अंगठ्यावर आला तरी उभा राहिलो. धाकटी माझ्या तोंडाकडे बघत होती, माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेही तिने बघितलं.

"ठेव खाली," ती शेवटी म्हणाली. "हात सोलून निघतील."

तिने पदराच्या टोकाने वाडगा धरला, फुंकर मारली, पहिला घास घेतला.

"मीठ कमी आहे," ती मोठ्याने म्हणाली.

समोरून आत्याचा आवाज आला, "दरवर्षी तेवढंच असतं." आणि ती काठी टेकत आत गेली. चाल अशी की गुडघ्याला काही झालंच नव्हतं.

वाडगा परत गेला तेव्हा त्यात दोन काकड्या होत्या.

ही गोष्ट मी लिहितोय असं मी आत्याला सांगितलं, सांगणारच. ती म्हणाली, खुशाल लिही. मला मात्र आता एक नवीन त्रास सुरू झाला आहे. अच्छाडला धाकटीचा मुलगा चहाचे पैसे घेत नाही, मला गुरू मानतो. बायकोला मी जागा सांगितलेली नाही, आणि तिने विचारलेली नाही, तरी रोज जेवताना मला तिच्याकडे बघवत नाही. एखादी गोष्ट पोटात ठेवली की ती तिथे पडून राहते असं मला वाटलं होतं. ती पडून राहत नाही, फिरते.

म्हणून निदान एवढं तरी सांगून टाकतो. वर मी दोन-तीनदा ऐनाचं झाड म्हटलं आहे. ते झाड ऐनाचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी जाणूनबुजून खोटं लिहिलं, आणि ते कबूल केल्याशिवाय मला हा कागद पुरा करता येईना.

कसलं आहे, ते मात्र विचारू नका. मी आता हात मागे बांधून बसलो आहे.